बांधला गेलेला मज्जारज्जू : वेळीच ओळख, वेळीच शस्त्रक्रिया

आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ-माखू घालण्याचे काम बहुधा घरातील आजीकडे किंवा एखाद्या अनुभवी बाईकडे असते. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यांवर बाळाला पालथे घ्यायचे आणि पाठीला हलक्या हाताने तेल चोळायचे, ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. बाळाची पाठ, कंबर आणि माकडहाडाचा भाग इतक्या निवांतपणे आणि तोही रोज पाहणारे माणूस घरात दुसरे कोणी नसते. डॉक्टरांपुढे बाळ येते ते काही मिनिटांसाठी, पुष्कळदा झबल्या-दुपट्यात गुंडाळलेले. म्हणूनच आजच्या विषयाची सुरुवात रुग्णालयापासून न करता आजीच्या नजरेपासून केलेली बरी.

या पाठीवर, कमरेच्या खालच्या भागात, नेमक्या मध्यरेषेवर काही बाळांना केसांचा दाट पुंजका असतो, कोणाला मऊ गाठ असते, तर कोणाला खोल खळगा. घरात त्याची चर्चा ‘जन्मखूण’ म्हणून होते आणि विषय तेथेच संपतो. बहुतेक जन्मखुणा निरुपद्रवी असतात, हे खरे आहे. परंतु मध्यरेषेवरील यांपैकी काही खुणांच्या खाली, कण्याच्या आत, मज्जारज्जू जखडला गेलेला असू शकतो. वैद्यकशास्त्रात या स्थितीला ‘टिदर्ड कॉर्ड’ म्हणतात. दाव्याने खुंट्याला बांधलेले वासरू जसे दाव्याच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही, तशी ही अवस्था होय. तिच्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. मात्र त्याचा लाभ किती मिळेल, हे बरेचसे तो केव्हा केला यावर ठरते.

आत नेमके काय घडते?

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याचे नीट कळण्यापूर्वीच, गर्भाच्या पाठीवरील एक पट्टी दोन्ही कडांनी वळून तिची नळी तयार होते. साधारण २८व्या दिवसापर्यंत ही नळी मिटते. पुढे तिच्यापासूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. हे मिटणे अपुरे राहिले, तर पाठीवर उघडी जखम किंवा पाण्याची पिशवी घेऊन बाळ जन्माला येते. हा झाला उघडा स्पायना बायफिडा. तो जन्मतःच दिसतो आणि त्यावर तातडीने उपचार होतात.

दुसरा प्रकार छुपा. यात वरची त्वचा अखंड असते, दोष आत असतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. कंबरदुखीसाठी एक्स-रे काढल्यावर अनेकांच्या अहवालात ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ असे शब्द येतात आणि घरचे धास्तावतात. शंभरांतील दहा-वीस जणांच्या कमरेच्या शेवटच्या किंवा त्याखालच्या मणक्याची मागची कमान पूर्ण जुळलेली नसते. एवढाच दोष असेल, पाठीवर कोणतीही खूण नसेल आणि पाय, लघवी, शौच यांची काही तक्रार नसेल, तर तो आजार मानला जात नाही. आपण ज्याचा विचार करीत आहोत तो दोष हाडापुरता मर्यादित नसून त्यात मज्जारज्जूही सामील असतो.

गर्भावस्थेच्या आरंभी मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत पोहोचलेला असतो. नंतर हाडांचा कणा वेगाने वाढतो, रज्जू त्यामानाने हळू वाढतो. त्यामुळे रज्जूचे खालचे टोक जणू वर सरकत जाते. जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ स्थिरावते आणि जन्मभर तेथेच राहते. तेथून माकडहाडापर्यंत केवळ एक बारीक, लवचीक धागा जातो. त्याचे नाव फायलम टर्मिनाले. आपण वाकतो, बसतो, तेव्हा हा धागा ताणला जातो आणि रज्जूला झळ लागू देत नाही.

हा धागा जाड, चरबीयुक्त किंवा ताठर असेल, त्वचेखालच्या चरबीची गाठ थेट आत शिरून रज्जूला चिकटली असेल, किंवा हाडाचा एखादा काटा रज्जूला मधोमध दुभागून बसला असेल, तर रज्जूचे टोक खालीच अडकून पडते. मूल वाढते, कणा लांबतो आणि रज्जूवर ताण येतो. हा ताण तेथील रक्तपुरवठा कमी करतो व पेशींना प्राणवायूचा उपयोग करून घेता येत नाही. शोकेई यामादा या शल्यचिकित्सकांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून ही गोष्ट पुढे आली. ताण थोडा आणि अल्पकाळ असेल, तर तो सुटताच पेशी सावरतात. तो वर्षानुवर्षे राहिला, तर पेशी कायमच्या निकामी होतात. या आजारात विलंब का परवडत नाही, त्याचे कारण हेच.

आजीने पाहण्याच्या खुणा

पुढीलपैकी काही दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम बाळाची पाठ उघडी करून दाखवावी:

• कमरेच्या मध्यरेषेवर लांब, दाट केसांचा पुंजका. (अनेक बाळांच्या सबंध पाठीवर असते ती कोवळी लव वेगळी.)
• त्वचेखाली मऊ, चरबीसारखी गाठ. विशेषतः जिच्यामुळे नितंबांमधील घळ एका बाजूला वळलेली दिसते.
• गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक वर असलेला, किंवा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा रुंद खळगा. तसेच ओलसर राहणारे बारीक छिद्र.
• मध्यरेषेवर लालसर, उंचवट्याचा डाग.
• शेपटीसारखा त्वचेचा लोंबता भाग.

अशा दोन खुणा एकत्र असतील तर शंका अधिक बळावते. याउलट, नितंबांच्या घळीत अगदी खाली, माकडहाडाच्या टोकाशी असलेली लहानशी उथळ खळी पुष्कळ बाळांना असते आणि ती निरुपद्रवी असते. आपल्याकडील बाळांच्या कमरेवर व नितंबांवर दिसणारे निळसर-काळपट सपाट डागही या आजाराचे लक्षण नव्हेत. ते वयाबरोबर फिके होतात.

काही गोष्टी आवर्जून टाळाव्यात. छिद्रात तेल, हळद वा पावडर भरू नये, काडी घालून खोली पाहू नये. असे छिद्र थेट मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेले असू शकते आणि त्या वाटेने जंतू आत शिरल्यास मेंदूज्वर होऊ शकतो. शेपटीसारख्या भागाला दैवी खूण मानून पुजत बसू नये, अथवा दोरा बांधून तो पाडूही नये. केस दिसायला वाईट म्हणून काढून टाकले, तर खूण नाहीशी होते. दोष मात्र आत तसाच राहतो.

वाढत्या वयातील लक्षणे

खूण नजरेतून सुटली, तर आजार पुढे पायांत, मूत्राशयात आणि पाठीत प्रकट होतो. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान राहते, तळव्याची कमान अवाजवी उंचावते, एका पायाची चप्पल वारंवार निसटते, चालताना पाय घसटतो. चपला एकाच बाजूने झिजतात. पाठीचा कणा एका बाजूला झुकू लागतो.

लघवीची लक्षणे सर्वांत अधिक दुर्लक्षिली जातात. लंगोट सुटून दोन-तीन वर्षे झालेले मूल पुन्हा कपडे ओले करू लागले, लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होऊ लागला, लघवी थेंबथेंब होऊ लागली किंवा बद्धकोष्ठ हटेनासे झाले, तर त्याला ‘आळशी’ किंवा ‘खोडकर’ म्हणून रागावण्याआधी एकदा त्याची पाठ व पावले तपासून घ्यावीत. अंथरूण ओले करणाऱ्या बहुतेक मुलांना हा आजार नसतो. पण पायांतील बदल आणि लघवीची तक्रार एकत्र आली, तर शंका घेतलीच पाहिजे.

पन्नाशी-साठीतही निदान होऊ शकते

हा केवळ बालपणाचा आजार आहे, असे एके काळी मानले जाई. डॅचलिंग पँग आणि जेम्स विल्बर्गर यांनी १९८२ साली २३ प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या समजाला धक्का बसला. काहींच्या रज्जूवरील ताण इतका सौम्य असतो की निम्मे आयुष्य विनातक्रार जाते. नंतर एखादे घसरून पडणे, बाळंतपण, जड ओझे उचलणे किंवा कण्याची झीज एवढे निमित्त पुरते.

प्रौढांत वेदना हे मुख्य लक्षण असते. ती कमरेत, गुदद्वाराभोवती, जांघेत किंवा दोन्ही पायांत विजेसारखी चमकते. तिची एक ओळख अशी की ओट्याशी किंचित वाकून भांडी घासताना, मांडी घालून बसल्यावर आणि नातवंडाला कमरेच्या पातळीवर उचलून उभे राहिल्यावर ती वाढते. जोडीला लघवीची घाई, न कळत गळती, किंवा लघवी पूर्ण न होणे. ज्येष्ठांच्या बाबतीत या तक्रारी सायटिका, वय, प्रोस्टेट किंवा मधुमेह यांच्या खात्यावर जमा होतात. बहुतेक वेळा कारण तेच असते, हेही खरे. तथापि लहानपणापासून पाठीवर पुंजका वा गाठ असेल, किंवा एक पाऊल लहान असेल, तर ती माहिती डॉक्टरांना स्वतःहून सांगावी.

ती सांगण्याचे आणखी एक कारण आहे. हर्निया, प्रोस्टेट किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा कमरेत इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करतात. मज्जारज्जू नेहमीच्या जागेवर संपतो हे गृहीत धरून त्या सुईची जागा ठरलेली असते. ज्याचा रज्जू खाली अडकलेला आहे त्याला या सुईने इजा होण्याचा धोका असतो. म्हणून पाठीवर अशी खूण असलेल्या ज्येष्ठांनी आणि गर्भवती स्त्रियांनी भूलतज्ज्ञांना ती आधीच दाखवावी.

तपासण्या

तान्ह्या बाळाच्या मणक्यांच्या कमानी अजून कूर्चेच्या असतात, त्यामुळे पहिल्या तीन-चार महिन्यांत साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जू दिसतो. पुढे हाड घट्ट झाल्यावर एमआरआय हाच भरवशाचा मार्ग. रज्जूचे टोक कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या खाली असणे, धागा दोन मिलिमीटरपेक्षा जाड असणे, त्यात चरबी असणे, या गोष्टी त्यात दिसतात. लहान मुलाला यंत्रात स्थिर ठेवण्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते. त्याची धास्ती बाळगू नये.

एमआरआयच्या जोडीने मूत्राशयाची युरोडायनॅमिक तपासणीही महत्त्वाची. मूत्राशयात बारीक नळी घालून ते भरताना व रिकामे होताना आतला दाब मोजतात. मूल वरवर धडधाकट दिसत असताना मूत्राशय बिघडू लागले असेल, तर ते या तपासणीत उमगते. शस्त्रक्रियेपूर्वीचा हा अहवाल जपून ठेवावा, कारण पुढील सर्व तुलना त्याच्याशीच होते.

शस्त्रक्रिया कोणावर करावी?

लक्षणे सुरू झाली असतील आणि एमआरआयमध्ये रज्जू जखडलेला स्पष्ट दिसत असेल, तर शस्त्रक्रिया लवकर करावी, याबद्दल तज्ज्ञांत फारसे दुमत नाही. त्वचेतील छिद्र आतपर्यंत गेले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता ते काढावे, हेही सर्वमान्य आहे. तेथे भीती मेंदूज्वराची असते.

मतभेद आहेत ते तक्रार नसलेल्या मुलांबाबत. धागा नुसता जाड असेल तर शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असल्याने अनेक शल्यचिकित्सक ती आधीच करण्याचा सल्ला देतात. चरबीची गाठ रज्जूच्या टोकात मिसळली असेल तर प्रश्न बिकट होतो. पँग यांच्यासारखे शल्यचिकित्सक गाठ शक्य तितकी पूर्ण काढण्याच्या बाजूचे आहेत. तर पॅरिसच्या नेकर बालरुग्णालयातील तज्ज्ञांनी २००४ साली आपल्या अनुभवावरून, तक्रार नसलेल्या मुलांवर बारकाईने लक्ष ठेवावे आणि पहिले लक्षण दिसताच शस्त्रक्रिया करावी, असे मत मांडले. दोन नामवंत डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले, तर त्यांपैकी एक अडाणी आहे असे समजू नये. अशा वेळी विचारण्याचे प्रश्न हे : आमच्या मुलाचा प्रकार नेमका कोणता? अशा किती शस्त्रक्रिया आपण करता? थांबलो, तर तपासण्या किती महिन्यांनी?

आणखी एक गट आहे. मुलाला लघवीची तक्रार आहे, परंतु एमआरआयमध्ये रज्जू योग्य जागीच आहे. अशांचा धागा कापून गुण येतो का? कॅनडातील व्हँकुव्हर येथील तज्ज्ञांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, केवळ औषधोपचार आणि औषधोपचारासह शस्त्रक्रिया यांत मूत्राशयाच्या दृष्टीने ठळक फरक आढळला नाही. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत घाई न करता दुसरे मत अवश्य घ्यावे.

शस्त्रक्रियेच्या खोलीत

रुग्णाला पूर्ण भूल देऊन पालथे झोपवतात. पायांच्या स्नायूंत आणि गुदद्वाराभोवती बारीक विद्युत्-सुया लावतात. शस्त्रक्रिया चालू असताना कोणती नस जिवंत आहे, हे त्यांच्यामुळे पडद्यावर कळत राहते. कमरेवर छोटा छेद घेऊन मणक्याच्या कमानीचा थोडा भाग दूर करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रज्जूचे जाड आवरण उघडतात. आत नसांचा जुडगा असतो. त्यातून तो धागा शोधायचा, त्याला हलका विद्युत्-स्पर्श करायचा, कोणताही स्नायू हलत नाही याची खात्री करायची आणि मगच तो भाजून कापायचा. कापताक्षणी पुष्कळदा दोन्ही टोके एकमेकांपासून दूर सरकतात. इतका ताण त्यात साठलेला असतो.

चरबीची गाठ असेल तर काम अनेक तासांचे होते, कारण गाठ आणि रज्जू यांची सीमा सुईच्या टोकाइतकी नाजूक असते. हाडाचा काटा असेल तर तो आधी काढून मग धागा कापतात. शेवटी आवरण पाणीबंद शिवले जाते.

धोके स्पष्ट माहीत असावेत. जखमेतून मेंदू-मज्जेभोवतीचे पाणी गळणे, जंतुसंसर्ग, पायांची शक्ती वा लघवीचे नियंत्रण कमी होणे आणि काही वर्षांनी रज्जू व्रणाला चिकटून पुन्हा जखडला जाणे, हे त्यांतील प्रमुख. साध्या धाग्याच्या शस्त्रक्रियेत हे धोके कमी, चरबीच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत अधिक. एकदा शस्त्रक्रिया झाली म्हणजे कायमची सुटका झाली, असे मानून तपासण्या थांबवू नयेत. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात तर मुळीच नाही.

काय सुधारते, काय नाही?

वेदना सर्वांत लवकर आणि बहुतेकांची कमी होते. पायांची शक्ती काहींची सुधारते, काहींची आहे तेथे थांबते. लघवी-शौचाचे नियंत्रण परत येणे सर्वांत अवघड. तक्रार नवी असेल तर आशा अधिक, जुनी असेल तर कमी. वाकडे झालेले पाऊल शस्त्रक्रियेने आपोआप सरळ होत नाही. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांचे वेगळे उपचार लागतात.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः पुढील हानी थांबवण्यासाठी असते. गेलेले सर्व परत मिळेल, ही अपेक्षा ठेवून रुग्णालयात गेलेले कुटुंब निराश होते. आहे ते टिकावे, या हेतूने गेलेल्या कुटुंबाला पुष्कळदा अपेक्षेपेक्षा थोडे अधिकच मिळते.

घरी परतल्यावर काळजी घेणाऱ्यांसाठी

• पहिले एक ते तीन दिवस रुग्णाला आडवेच ठेवतात. पाहुण्यांच्या आग्रहास्तव उठवून बसवू नये.
• जखमेतून पाण्यासारखा स्राव, जखमेखाली फुगवटा, बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, ताप, उलट्या यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.
• जखमेवर तेल, लेप, शेक नको. मालीश डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.
• कुंथावे लागू नये म्हणून पाणी, फळे, पालेभाज्या व गरजेप्रमाणे रेचक द्यावे.
• पायांची जाणीव कमी असेल तर गरम पाण्याची पिशवी आणि तापलेली फरशी धोक्याची. भाजल्याचे रुग्णाला कळतच नाही. रोज रात्री तळवे पाहावेत.
• मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर दिवसातून काही वेळा स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकून घ्यावी. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली मांडलेल्या या साध्या पद्धतीने असंख्य रुग्णांची मूत्रपिंडे वाचली आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही; अनेक मुले सात-आठ वर्षांची होईतो ती स्वतःच करू लागतात.
• वारंवार नळी वापरणाऱ्यांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी होऊ शकते. अंगावर पित्त उठल्यास डॉक्टरांना सांगावे.

खर्चाचा विचार अनेक घरांत निर्णय लांबवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्या पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार त्याच्या कक्षेत असून जन्मजात मज्जानलिकेच्या दोषांचा त्यात समावेश आहे. अंगणवाडी, शाळा किंवा जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळतो का, हेही रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे.

घरात विवाहेच्छू किंवा बाळाचा विचार करणारी लेक-सून असेल, तर तिने गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. उघड्या प्रकारचे दोष त्यामुळे मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीनंतर निर्विवाद ठरले. आधीचे एखादे बाळ असा दोष घेऊन जन्मले असेल, तर मात्रा दसपट लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. चरबीच्या गाठीसारखे छुपे दोष याने तितकेच टळतात असे म्हणता येत नाही, म्हणून गोळ्या घेतल्या तरी बाळाची पाठ पाहायची ती पाहावीच.

पाठीवर काही आढळले, तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस गेला एवढेच. आणि निघाले, तर त्या मुलाच्या पायांतले बळ व लघवीवरचे नियंत्रण शाबूत असतानाच उपचार सुरू होतील.